ई कप्प्याला शून्य

सरांनी एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आणि एकतीस वर्षं एकच नियम पाळला: जे वाचता येत नाही, ते लिहिलेलंच नाही असं समजायचं. अक्षर गिचमिड दिसलं की सर ना चष्मा पुसायचे, ना पान उजेडात धरायचे. लाल पेन उचलायचं आणि सरळ शून्य. "परीक्षकाने कोडी सोडवायची नसतात," असं ते म्हणायचे. त्या शून्यापायी कुणाचं वर्ष गेलं, कुणी शाळाच सोडली, पण सरांच्या झोपेवर त्याचा कधी परिणाम झाला नाही.

निवृत्तीनंतर तपासायला घरात एकटी धाकटी मुलगी उरली. थोरली लग्न करून गेली ती गेलीच. वर्षातून एकदा फोन करायची, तोही सर झोपले असतील अशी वेळ बघून. धाकटी छत्तीस वर्षांची. स्वयंपाक तिचा, सरांची औषधं तिची, आणि सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून वाचनही तिचंच. विजेचं बिल असो की वर्तमानपत्र, तिने पहिला शब्द उच्चारला की सर हात वर करायचे. "थोडक्यात." ऑपरेशन करून घ्या म्हटलं तरी हात वर.

सरांचा जीव मात्र एका गोष्टीत होता, ती म्हणजे त्यांचा 'चुकांचा कोश'. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकांत केलेले विनोद सरांनी आयुष्यभर वहीत टिपून ठेवले होते, नावागावासकट. 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते कारण तिला दुसरं काम नाही.' 'हृदय छातीत डावीकडे असते, परंतु काही लोकांत ते आढळत नाही.' अशा चार हजारांवर चुका. धाकटीने चार वर्षं खपून त्या संगणकावर उतरवल्या आणि सरांनी वह्या रद्दीत घातल्या. दुसरी प्रत ठेवा, असं ती दोनदा म्हणाली. "एकाच उत्तराच्या दोन प्रती लिहिणारा मुलगा मनातून नापास असतो," सर म्हणाले.

कोशातली पहिलीच चूक धाकटीची होती. नऊ वर्षांची असताना 'माझी आई' या निबंधात तिने लिहिलं होतं: 'माझी आई वारल्यापासून रोज घरीच असते.' आई इस्पितळात परिचारिका होती. रात्री ड्युटी, दिवसा झोप. तापाचं निमित्त होऊन ती गेली आणि तिचा फोटो बाहेरच्या खोलीत लागला, तिथून तो हलला नाही. पोरीने दिसलं ते लिहिलं. सर ते वाक्य पाहुण्यांना वाचून दाखवायचे. पाहुणे हसायचे, धाकटी चहा द्यायची. सत्तावीस वर्षांत त्या चहात तिने मीठ घातलं नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे.

तर ही धाकटी कपडे बेतायची. तयार कपडे ज्यांना होत नाहीत अशांचे. एका हाताने बटणं लावणारा गवंडी, पाठीला कुबड असलेली शिक्षिका, चाकाच्या खुर्चीतला घड्याळजी, भाजलेल्या गळ्याला कॉलर टोचते म्हणून घराबाहेर न पडणारी मुलगी. प्रत्येकाचा नमुना वेगळा, आणि तो बसेपर्यंत धाकटी हटायची नाही. नमुने काढायचा एक चांगला प्रोग्राम फुकट मिळत होता, पण तो सरांच्या जुन्या सिस्टिमवर पाच मिनिटांत मान टाकायचा. त्याला दुसरी सिस्टिम लागायची. धाकटी वाचनालयात जाऊन ते शिकून आली आणि सरांना म्हणाली, "बाबा, एकाच संगणकात दोन सिस्टिम नांदतात. तुमची तशीच राहील. मला फक्त थोडी जागा द्या."

"भटाला दिली ओसरी," सर म्हणाले. पण दिली. डिस्कची वाटणी झाली. तीन हिस्से सरांचे, एक हिचा. अटी सरांच्या. माझ्या वाट्यात तुझं चिटोरंही ठेवायचं नाही. संगणक सुरू केला की आधी माझी सिस्टिम. तो काळा पडदा येतो, कोणती सिस्टिम हवी म्हणून दहा सेकंद विचारत बसतो, ते चालणार नाही.

"मग किती ठेवू?"

"एक."

धाकटीने एक सेकंद ठेवला. तेव्हापासून ती संगणक सुरू करताना बाणाच्या बटणावर बोट धरून उभी राहायची, शर्यतीत पळणाऱ्यासारखी. चुकलं की सरांची सिस्टिम सुरू, मग ती बंद करा, पुन्हा उभे राहा. सर खुर्चीतून मोजायचे. "हुकलं! पुन्हा!" म्हाताऱ्याला एवढी करमणूक दुसरी नव्हती.

तिने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. "तुमच्या सिस्टिममध्ये ई नावाचा एक कप्पा दिसेल. तो माझा आहे. तुमच्या बाजूने तो उघडणार नाही. त्याला हात लावू नका."

हात लावू नका, असं एखाद्याला सांगणं म्हणजे हात कुठे लावायचा ते दाखवणंच की.

वर्षभरात छत्तीस नमुने झाले. आणि कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या एका इस्पितळाने तिला बोलावलं. त्यांना असे कपडे बेतणारी बाई हवी होती. सोमवारी अकरा वाजता सगळे नमुने घेऊन या, त्यांच्यावरच निवड होईल. नोकरी पक्की, आणि सोबत आवारातच राहायला एक खोली. धाकटीने ते पत्र सरांना वाचून दाखवलं. "थोडक्यात," म्हणून सरांनी हात वर केला, पण खोलीचा शब्द आला तेव्हा तो हात खाली आला.

"आणि माझं वाचून कोण दाखवणार?"

"ऑपरेशन करून घ्या ना. वीस मिनिटांचं काम आहे."

सरांनी मान संगणकाकडे वळवली.

तिच्याकडे पेन ड्राइव्ह एकच होता, आणि त्यावर दुसरी सिस्टिम बसवायचं साहित्य होतं. कधी काही बिघडलं तर लागेल म्हणून तिने ते पुसलं नव्हतं. सरांच्या वाट्यात ठेवायला बंदी. म्हणून शुक्रवारी दुपारी ती नमुन्यांसाठी नवा पेन ड्राइव्ह आणायला बाजारात गेली.

ती गेली आणि सर संगणकापुढे बसले. त्यांच्या सिस्टिममधली अक्षरं तिनेच मोठी करून दिली होती, बोरांएवढी. त्यांनी ई कप्पा उघडला. चौकट आली: हा कप्पा वाचता येत नाही. वापरण्याआधी तो फॉरमॅट करावा लागेल. करायचा का?

वाचता येत नाही! सरांना किती दिवसांनी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आत कुणाचं काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण नियमही पक्का होता. त्यांनी 'हो' दाबलं. 'झटपट' म्हणून एक खूण होती, तीही काढून टाकली. तपासायचं तर पूर्ण तपासायचं. अर्धवट काम त्यांना आवडत नसे. चाळीस मिनिटं संगणक ई कप्प्याचा कोपरा न् कोपरा शून्यांनी भरत होता आणि सर समोर बसून होते. मग त्यांनी तो नीट बंद केला आणि झोपले.

शनिवारी सकाळी नवा पेन ड्राइव्ह डाव्या हातात, उजवं बोट बाणाच्या बटणावर, अशी धाकटी उभी राहिली. पण निवड विचारणारा पडदा आलाच नाही. काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली: फाइलची रचना ओळखता आली नाही. खाली लुकलुकत राहिलेली रेघ.

तिने तीनदा बंद करून सुरू केला. मग ती सरांकडे वळली.

"बाबा, काल ई कप्प्याला हात लावलात?"

"कोरा होता."

"कोरा नव्हता. त्यात माझे छत्तीस नमुने होते."

"वाचता येत नव्हतं. वाचता येत नाही त्याला मी काय देतो?" सरांनी बोटांनी शून्य करून दाखवलं. "चला, सुंठीवाचून खोकला गेला. आता सोमवारची धावपळ नको तुला."

धाकटी रडली नाही. तिला इतका राग आला की रडायला जागाच उरली नाही. वर्षभराची माणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली, गवंडी, शिक्षिका, घड्याळजी, ती मुलगी, आणि सगळी उघडी.

"आता माझं चालू कर," सर म्हणाले. "बाराला प्रकाशक येतोय. त्याला कोश द्यायचाय."

"तुमचंही चालू होत नाहीये. कोणती सिस्टिम लावायची हे विचारणारी फाइल माझ्या कप्प्यात होती. तुम्ही तीही पुसलीत."

ही बाब मात्र सरांना ठाऊक नव्हती. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे कोश गेला?"

"कोश आहे. तुमचा हिस्सा शाबूत आहे, नुसती वाट बुजलीय."

आणि खरंच दहा मिनिटांचं काम होतं. धाकटीने जुना पेन ड्राइव्ह खोचला, त्यावरून संगणक सुरू केला आणि सरांचा हिस्सा उघडून पाहिला. कोश जागेवर होता. दुरुस्तीची आज्ञा तिला पाठ होती. तिने ती टाइपही केली. नुसतं एंटर दाबायचं बाकी होतं. हे सगळं खोटं वाटेल, पण ती दाबणार होती. छत्तीस वर्षांची सवय अशी एका सकाळीत सुटत नाही.

"खरंच आहे ना आत? वाचून दाखव बघू एखादी," सर म्हणाले. "तुझीच वाच. पहिल्या पानावर आहे."

धाकटीने वाचली. "माझी आई वारल्यापासून रोज घरीच असते."

सर हसले. मनापासून हसले, ठसका लागेपर्यंत. "अजून तेवढीच ताजी आहे," डोळे पुसत म्हणाले.

धाकटीने कोश बंद केला. टाइप केलेली आज्ञा एकेक अक्षर मागे घेत पुसली. मग आपली सिस्टिम नव्याने बसवायचं बटण दाबलं, आणि कशी बसवू असं विचारल्यावर सगळ्यात वरचा पर्याय निवडला. पडद्यावर दोन ओळी आल्या. संपूर्ण डिस्क पुसली जाईल. तिच्यावरचं काहीही परत मिळणार नाही.

"बाबा, इथे काही लिहून आलंय. सगळं वाचू?"

सरांनी हात वर केला. "थोडक्यात."

"खात्री आहे का, असं विचारतंय."

"कुणाची?"

"तुमची."

"माझी खात्री कधी नसते? दाब."

तिने दाबलं. तिला बरं वाटलं. वाईटही वाटायला हवं होतं, थोडा वेळ तिने वाटही पाहिली, पण ते वाटलं नाही.

बाराला बेल वाजली. प्रकाशक आला, बसला, चहा प्यायला. सरांनी कोशाची बरीच स्तुती केली आणि मुलीला फाइल काढायला सांगितली.

"फाइल नाही," धाकटी म्हणाली. "डिस्क पुसली. तुमची खात्री विचारून पुसली."

सर उठून संगणकाशी गेले. पडद्याला नाक लावून पाहू लागले. आता अक्षरं बोरांएवढी नव्हती. "इथे काय लिहिलंय? कोश कुठे आहे? मला वाचता येत नाहीये!"

"मग कोरं समजा."

सरांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. एवढा मऊ आवाज धाकटीने जन्मात ऐकला नव्हता. "तूच टाइप केलास ना सगळा? चार वर्षं. तुला आठवत असेल. यांना सांग, दहावीस तरी सांग."

"एकच आठवते."

"ती तरी सांग."

धाकटीने प्रकाशकाकडे पाहून सांगितली. "माझी आई वारल्यापासून रोज घरीच असते. निबंध आहे. नऊ वर्षांच्या मुलीचा."

सर सवयीने हसायला लागले. प्रकाशक हसला नाही. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि सरांना विचारलं, "यात चूक कुठे आहे?"

एकतीस वर्षांत सरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि गवंड्याची डावी बाही पहिल्यापासून काढायला घेतली. सोमवारपर्यंत फार तर चार नमुने होणार होते.