वीज आल्यावर मिक्सर

वीज गेली आणि वाळूचा मिक्सर थांबला. तेवढ्यात पात्यांना चिकटलेली ओली वाळू खरवडून काढावी म्हणून गुंडू खोरं घेऊन आत वाकला. वीज आली. दोन-तीन सेकंद गेले असतील, आणि कुणीही बटण न दाबता मिक्सर गरागरा फिरायला लागला. गुंडूनं हात मागं ओढला. खोऱ्याचा दांडा मात्र आत सापडून काडकन मोडला.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतली, ओतकामाच्या कारखान्यातली, ही १९९८ सालची गोष्ट. मेंटेनन्सची शांभवी धावत आली आणि तिनं मेन स्विच बंद करून मिक्सर थांबवला. गडहिंग्लजची मुलगी, डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी इथं लागलेली. गुंडू भिंतीला टेकून बसला होता.

"म्या बटणाला हातबी लावला न्हाय, म्याडम. जुन्या पॅनेलवर दाबल्याबिगर हालायचा न्हाय की ह्यो!"

ते खरं होतं. जुन्या पॅनेलच्या जागी प्रोग्रॅमवर चालणारा नवा कंट्रोलर बसवून आठच दिवस झाले होते, आणि चालत्या मिक्सरची वीज आज पहिल्यांदाच गेली होती.

मॅनेजर अमरेश आले. "मेन स्विच बंद न करता आत वाकला, चूक त्याची. तसा रिपोर्ट लिही, सही कर आणि मशीन चालू कर. मोल्डिंगच्या साच्यांना वाळू पाहिजे."

"मेन स्विच बंद करायला हवा होता, साहेब. पण मिक्सर आपोआप का फिरला हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

"अख्खी फौंड्री थांबेल, कळतंय का?"

"थांबू दे."

मोटारीचा पुरवठा तोडून तिनं स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. वीज फक्त कंट्रोलरला ठेवली.

तिनं कंट्रोलर बंद केला, चालू केला. दिवे लुकलुकले, मग हिरवा दिवा स्थिर झाला, आणि लगेच मिक्सरला हुकूम गेल्याचा दिवा लागला. स्टार्ट बटणाचा दिवा विझलेलाच. म्हणजे बटण अडकलेलं नव्हतं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. मग प्रोग्रॅमचे कागद जमिनीवर पसरून ती ओळ न् ओळ वाचत गेली. जेवणाची सुट्टी झाली, संपली. अमरेश दोनदा येऊन घड्याळ बघून गेले.

बाविसाव्या ओळीवर ती थांबली.

"काका, इकडं या," तिनं गुंडूला बोलावलं. "वीज येऊन हा डबा उठला की आधी स्वतःला तपासतो. मग कुठलं बटण दाबलंय ते बघतो, प्रोग्रॅम वरून खालपर्यंत वाचतो, मोटारीला हुकूम देतो. आणि परत पहिल्यापासून. एका सेकंदात कितीतरी वेळा."

"मग म्या बटण दाबलं न्हाय, ते दिसलं न्हाय व्हय त्येला?"

"दिसलं. पण 'मिक्सर चालू आहे' ही खूण बॅटरीवर जपलेल्या जागेत ठेवलीय. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. उठल्यावर त्याला ती खूण दिसते आणि तो मोटार फिरवतो."

गुंडूनं त्या डब्याकडं बघितलं. "म्हंजे वीज गेल्याली ह्येला ठावंच न्हाय!"

शांभवीनं प्रोग्रॅमच्या अगदी वर एक ओळ घातली: वीज आल्यानंतरच्या पहिल्या फेरीत ती खूण पुसायची. आधी नुसत्या दिव्यांवर बघितलं. मग सगळ्यांना मागं सारून कुलूप काढलं आणि मिक्सर चालू केला. अमरेशनी स्वतः वीज बंद केली, परत दिली. मिक्सर हलला नाही. वीस वेळा केलं. दर वेळी गुंडूनं बटण दाबलं तेव्हाच तो परत फिरला.

तिनं रिपोर्टात दोन्ही गोष्टी लिहिल्या, प्रोग्रॅमची चूक आधी, मेन स्विच बंद नव्हता हे नंतर, आणि सही केली. अमरेशनी तो उभ्यानंच वाचला.

"हा मालकांकडं जाणार."

"जाऊ दे, साहेब. दोन नंबरच्या मिक्सरलाही हाच प्रोग्रॅम आहे."

अमरेशनी शेडच्या पलीकडं बघितलं. तिकडं दोन नंबर घरघरत होता. ते झपाझप चालत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो बंद केला.