चादरीखालची शिडी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, रंग केव्हाच वाळला आहे. आज तुम्हाला एका लाजेची गोष्ट सांगते. लाज म्हटल्यावर लगेच माना खाली घालू नका. देवाने ती प्रत्येकाला थोडी थोडी दिलेली आहे, जेवणात मीठ असते तेवढी. पण एका भल्या माणसाने मिठाचे पोतेच पाठीवर घेतले. त्याचे पुढे काय झाले, ते चित्त देऊन ऐका.

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. दोन लांब वासे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या, एवढाच माझा देह. एका सुताराने मला घडवले. ज्याच्यासाठी घडवले तो रंगारी मी तयार होईपर्यंत तिथेच ठाण मांडून होता. प्रत्येक पायरी ठोकून झाली की तिच्यावर उभा राहून बघायचा. सुतार वैतागला. शिडी हवी आहे की सोयरीक जुळवायची आहे, असे त्याने विचारले. रंगारी शांतपणे म्हणाला, "शिडीच. सोयरीक फसली तर माणूस घरी परत येतो. शिडी फसली तर येत नाही."

या रंगाऱ्याला मी मामा म्हणते, कारण पुढे ज्या घरात मी राहिले तिथे सगळे त्याला मामाच म्हणत. मामाबरोबर मी किती घरे पाहिली! नव्या जोडप्यांच्या खोल्या, दवाखान्यांच्या भिंती, शाळांची उंच छते. घरमालकिणीच्या फरशीवर ओरखडा उठू नये म्हणून मामाने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे माझ्या पायांना बांधले होते. वर चढताना तो देवाचे नाव घ्यायचा आणि काम करता करता गुणगुणायचा. गळा काही गोड नव्हता, पण भाव खरा होता. "चांगली आहे हो तुमची शिडी, जरासुद्धा डुगडुगत नाही," असे कोणी म्हटले की मला धन्य वाटायचे.

मामाला एक बहीण होती. तो तिला धाकटी म्हणायचा. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या मेहुण्याला, तो दाजी म्हणायचा. हे दाजी डब्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पत्रे किती आले, झाकणे किती गेली, हे सांभाळणारे. रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, म्हणून गल्लीने त्यांना मागून 'कडक कॉलर' असे नाव ठेवले होते. समोर मात्र साहेब. दाजी मनाने वाईट नव्हते. फक्त 'साहेब' या तीन अक्षरांवर त्यांचा फार जीव होता. मामा रंगाने माखलेल्या कपड्यांत बहिणीला भेटायला आला की दाजी घाईघाईने दार लोटून घ्यायचे, म्हणून हा धाकटीचा भाऊ हे गल्लीला ठाऊकच नव्हते. एकदा शेजारच्या शिंपीकाकांनी त्यांना विचारले, की माझ्या भिंतीचे पोपडे पडताहेत, कोणी रंगारी ओळखीचा आहे का. मामा त्या वेळी आत चहा पीत होता. दाजी म्हणाले, की असली माणसे माझ्या ओळखीत नाहीत. मामाने ते ऐकले आणि बशीतला चहा फुंकत राहिला.

पुढे कारखान्याचे दिवस फिरले. आधी रात्रपाळी बंद झाली, मग कँटीनचा चहा अर्धा कप झाला. पण खरी गोष्ट दाजींना सगळ्यांच्या आधी कळली होती. स्टोअरमध्ये नवे पत्रे येणेच थांबले होते. रिकाम्या फळ्या पुसून ते घरी यायचे आणि सांगायचे, की मंदी आहे, जाईल. धाकटी म्हणायची, मंदी जाईल तेव्हा जाईल, आपण तोवर कुठे जायचे ते ठरवू या.

मग तिने संसारासाठी पदर खोचला. बाजार उठायच्या वेळी भाजी आणू लागली. साबणाचे उरलेले तुकडे एकत्र दाबून नवी वडी करू लागली. मुलीच्या फ्रॉकची शिवण उसवून तो लांब केला. एका खोलीत दिवा लागला की दुसरीतला बंद. दाजी बसने जायचे ते आता पायी जाऊ लागले, आणि गल्लीत सांगितले की डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. सासूबाई, म्हणजे दाजींची म्हातारी आई, हे सगळे बघून म्हणाल्या, "सूनबाई, आता माझा श्वास तेवढा मोजून देऊ नकोस."

पण काटकसरीने पाणी अडते, विहिरीत नवे पाणी येत नाही. धाकटीने भावाला निरोप धाडला. मामाचा गुडघा तेव्हा दुखू लागला होता, आणि त्याच्या नव्या खोलीच्या अरुंद जिन्यातून मी वर जात नव्हते. म्हणून मी धाकटीच्या घरामागच्या बोळात राहायला आले. ठरले असे, की रविवारी दाजींनी मामाच्या हाताखाली रंगकाम शिकायचे. नोकरी राहिली तर दोन पैसे जास्तीचे. गेली तर हातात विद्या.

दाजी तयार झाले, पण एका अटीवर. गल्लीत कोणाला कळता कामा नये. कामे गावाच्या दुसऱ्या टोकाची घ्यायची. मामाने गल्लीत पाऊल टाकायचे नाही, कोपऱ्यावर थांबायचे. आणि मला चादरीत गुंडाळून, उजाडायच्या आत बाहेर न्यायचे. मामा हसून बरे म्हणाला. मला मात्र ती चादर फार जड वाटली. मित्रांनो, आपल्याला कोणी लपवले की आपल्यात काही खोट आहे असे वाटू लागते.

दाजी काम मात्र मन लावून शिकले, हे सांगितलेच पाहिजे. आधी पोपडे खरवडायचे, मग भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की घासायची. "भिंतीला घाई कळते, दाजी," मामा म्हणायचा. पहिल्या दिवशी दाजींची मान आखडली आणि निम्मा रंग डोक्यावर सांडला. पण कोणत्या खोलीला किती रंग लागेल, याचा त्यांचा अंदाज अचूक असायचा. स्टोअरकीपरच ते! डब्यात घोटभर रंगसुद्धा वाया जायचा नाही. संध्याकाळी घरी येऊन ते रॉकेलने नखे घासायचे, कातडी लाल होईपर्यंत.

आणि मग तो रविवार आला.

त्या आठवड्यात सासूबाई खोकल्याने बेजार होत्या. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर येऊन गेला, ते साऱ्या गल्लीने पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटीने मला गुंडाळले. नेहमीची फुलाफुलांची चादर धुतलेली होती, म्हणून पांढरी घेतली. वाऱ्याने उडू नये म्हणून वर सुतळी आवळली. दाजी पुढे, धाकटी मागे, दोघांच्याही अंगावर जुने फिकट कपडे. सगळ्यांच्या पुढे त्यांची मुलगी, हातात छोटी बादली, झोपेने मान खाली गेलेली. कोणी एक शब्द बोलत नव्हते.

आता तुम्हीच सांगा, हे पाहून कोणाला काय वाटेल?

शिंपीकाका दात घासत ओट्यावर उभे होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, धावत आले, धाकटीच्या खांद्यावर हळूच हात ठेवून तिला बाजूला केले आणि माझा मागचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. दूधवाल्याने सायकल भिंतीला लावली, टोपी काढली आणि तोही खांद्याला आला. वरच्या मजल्यावरचे मास्तर तसेच अनवाणी खाली उतरले. धाकटीने घाबरून दाजींकडे पाहिले. दाजींना ओझे एकदम हलके लागले म्हणून त्यांनी वळून पाहिले, आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. एका वाक्याचे काम होते. पण ते वाक्य म्हणजे कडक कॉलरचा शेवट. ते तसेच चालत राहिले. इतक्या मानाने मला आजवर कोणी नेले नव्हते, आणि इतके मेल्याहून मेल्यासारखेही मला कधी झाले नव्हते.

तेवढ्यात मागे दार वाजले. शाल गुंडाळून सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"अरे, सगळे मिळून कुठे निघालात? कोण गेलं?"

शिंपीकाका वळले आणि थिजले. "आजी, तुम्ही?"

"मी नाही तर कोण? इथंच राहते मी."

शिंपीकाकांनी खांद्यावरच्या पांढऱ्या चादरीकडे पाहिले. मग दाजींकडे. अगदी हळू आवाजात विचारले, "साहेब, मग हे कोण आहे?"

सुतळी सैल झाली होती. चादर घसरली आणि ट्यूब बांधलेले माझे दोन पाय सगळ्यांसमोर उघडे पडले.

कोपऱ्यावर थांबलेल्या मामाने लांबून हे पाहिले होते. धाकटीची सासू गेली असे समजून तो लंगडत, डोळे पुसत गल्लीत आला. जवळ येताच त्याला सगळे कळले. त्याने दाजींच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिले आणि पुढे होऊन हात जोडले.

"माझी शिडी आहे हो ही. मी रंगारी. जागा नव्हती म्हणून साहेबांनी त्यांच्या बोळात ठेवू दिली. माझा गुडघा दुखतो, म्हणून बिचारे स्वतः पोचवायला निघाले होते."

"मग चादर कशाला?" मास्तरांनी विचारले.

"धूळ लागू नये म्हणून."

"रंगाऱ्याची शिडी, आणि धुळीला भिते?" दूधवाला म्हणाला, आणि सगळे हसले. शिंपीकाकांनी दाजींना विचारले, तसेच आहे का.

दाजी म्हणाले, "हो, तसंच."

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी माझ्या पायऱ्या आतून चरकल्या. सख्खा मेहुणा समोर उभा, तो यांना साहेब म्हणतो आहे, आणि हे ऐकून घेत आहेत. धाकटीने आधी भावाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. मग मुलीच्या हातातली बादली घेतली आणि घरात निघून गेली.

त्या दिवशी काम झाले. दाजी माझ्यावर उभे होते आणि मामा खाली माझे पाय धरून नेहमीसारखा गुणगुणत होता. ते गुणगुणणेच दाजींना सोसवेना. दुपारी डबा उघडल्यावर त्यांनी विचारले, की तुम्ही खोटे का बोललात.

मामा म्हणाला, "तुमचा चेहरा बघवेना, दाजी. आणि माझं काय जातंय त्यात? मी रंगारीच आहे की."

दाजींनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

घरी धाकटीने ताट वाढले, पाणी दिले. ती रागावली नाही, हेच वाईट होते. सगळी आवराआवर झाल्यावर ती म्हणाली, "अहो, कारखाना बंद पडला तरी मी घाबरणार नाही. अर्ध्या पोटी दिवस काढीन. पण या घरात सगळ्यात जास्त खर्च तुमच्या लाजेवर होतोय. आज तिच्यापायी माझा भाऊ परका झाला. तिला पोसायला माझ्याकडे आता काही उरलं नाही."

आठवडाभर दाजी गल्लीतून खाली बघत गेले आणि खाली बघत आले.

पुढच्या रविवारी चांगले उजाडल्यावर ते बोळात आले. चादर शोधली नाही. मला एकट्यानेच खांद्यावर घेतले आणि गल्लीच्या मधोमध चालू लागले. त्यांचे कान लाल झाले होते, हे मला चांगले आठवते, कारण माझा वासा त्यांच्या कानाला लागूनच होता. कोणी खिडकीतून पाहिले, कोणी हसू दाबले. एक जण म्हणालाच, "साहेब, आज उघड्यावर नेताय? सर्दी होईल हो तिला." दाजी कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे थांबलेल्या मामाचा हात धरला आणि त्याला शिंपीकाकांच्या दारात घेऊन आले.

"काका, मागच्या रविवारी मी गप्प राहिलो. मी शिडी पोचवायला निघालो नव्हतो, रंग द्यायला निघालो होतो. हे माझे मेहुणे. हिचे सख्खे दादा. तुम्ही रंगारी विचारलात तेव्हा हे माझ्याच घरात बसले होते."

शिंपीकाका दार पूर्ण उघडून म्हणाले, "आत या दोघं. पण फुकट काम करायचं नाही. या गल्लीत फुकट खांदा मी दिलाय, तेवढा बस झाला."

त्या भिंतीनंतर मास्तरांची खोली आली, मग त्यांच्या शाळेची पडवी. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागले तेव्हा दाजी दुपारीच घरी आले. आपला चहाचा कप रुमालात बांधून आणला होता. थोडा वेळ बसले, डोळे पुसले आणि सकाळच्या कामासाठी लांबी भिजवायला गेले. त्या संसारात कोणी उपाशी झोपले नाही. कारखान्यातल्या दोन-चार जणांनाही दाजींनी मामाकडे आणून सोडले. त्यातला एक मला लपवून न्यायला चादर घेऊन आला होता. दाजींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

आता मामा नाही. गुडघा पार गेल्यावरही तो कामावर यायचा आणि खाली माझे पाय धरून बसायचा. दाजी म्हातारे झाले आहेत. कारखान्याचे कुलूप मी विसरलो, असे ते म्हणतात. पण 'हो, तसंच' हे दोन शब्द आठवले की आजही त्यांचे कान लाल होतात. मी बोळात आडवी पडून असते. माझी एक पायरी तडकली आहे आणि वाशांत ओल शिरली आहे. नवी ॲल्युमिनियमची शिडी आली, ती हलकी आहे, तिच्यावर माझा राग नाही.

मित्रांनो, घर चालवणारी जी जी वस्तू असेल, तिला पावसात टाकू नका, चादरीखाली लपवू नका. जे आपल्याला जगवते त्याची कसली लाज? माझे मागणे तेवढेच नाही. एखादी नीट रंगवलेली भिंत दिसली, की वर चढलेल्या माणसाचे कौतुक जरूर करा. पण खाली शिडी धरून जो उभा होता, दुसऱ्याची लाज राखायला ज्याने स्वतःचे नाते क्षणात खाली ठेवले, त्या आमच्या मामाची तेवढी आठवण काढा.