मरायला तयार नसलेला मनोरा

टाक शाईत बुडवता बुडवता एव्हेलियोने मनातल्या मनात हिशेब मांडला. मिळणार होतं ते असं: व्हिल्यासेर्ना नगरीच्या नव्या नाट्यगृहाचं काम, दर्शनी दगडावर स्वतःचं नाव, आणि गटारांचे उतार आखत म्हातारं होण्यातून सुटका. द्यायचं होतं ते एवढंच: सान रोमानचा जुना मनोरा कलला आहे, केव्हाही कोसळेल, असं नगराचा वास्तुविशारद म्हणून लिहून द्यायचं. मनोरा कललेला नव्हता. ओळंबा त्यानेच सोडून पाहिला होता.

"सही करताय, की तो आपणहून पडायची वाट बघताय?" नगराध्यक्ष इलारिओन म्हणाले. स्टेशनकडे जाणारा त्यांचा सरळ रस्ता त्या मनोऱ्याने अडवला होता.

एव्हेलियोने सही केली.

उन्हाळ्यात पाडकाम सुरू झालं. पहारी वाकल्या, पण दगडांमधला जुना चुना काही सुटेना. पायथ्याशी, मनोऱ्याच्या सावलीबरोबर टोपली सरकवत खरबुजं विकणारी कासिल्दा मावशी रोज ओरडायची, "अहो साहेब, तुमचा रोगी काही मरायला तयार नाही! डॉक्टरच बदला!" सगळा बाजार हसायचा. अखेर सुरुंग लावले, तेव्हा कुठे मनोरा खाली आला.

एव्हेलियो नाट्यगृहाचे नकाशे घेऊन गेला.

"ते काम माद्रिदच्या माणसाला दिलं," इलारिओन म्हणाले.

"आपलं ठरलं होतं!"

"होतं ना. पण लोकांचं तोंड कसं धरू? ज्याला भक्कम मनोरा ओळखता येत नाही, त्याच्या छताखाली बायकापोरांना कोण बसवेल?"

"मला ओळखता आला होता. तुम्हालाही ठाऊक होतं."

"असं? मग तेही लेखी द्या की."

एव्हेलियोने नकाशे गुंडाळले.

पुढची सगळी वर्षं त्याने गटारं आखली. इलारिओनना रस्ता मिळाला, वर मनोऱ्याचा दगड त्यांच्या घराच्या कुंपणाला लागला. नाट्यगृहाच्या दगडावर माद्रिदकराचं नाव आलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी एव्हेलियो कासिल्दाच्या टोपलीपाशी थांबला. तिच्या डोक्यावर ओलं फडकं होतं.

"तापलंय हो खरबूज," ती म्हणाली. आता तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "पूर्वी गार असायचं."

"चालेल, मावशी."

त्याने खरबूज उचललं. कासिल्दाने वर एकदा सूर्याकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने टोपली हातभर पूर्वेला सरकवली. तिथेही ऊनच होतं.