मौंग थेटची तारीख

आमचे हे हंगामी जज्ज झाले, तेव्हा गोऱ्या कमिशनरने जेवायला बोलावून विचारलं होतं, की तुम्ही ब्रह्मी लोक मनाचे फार मऊ, फाशी लिहिताना हात तर थरथरणार नाही ना? हे हसले. ते हसणं मी ओळखते. कायमच्या नेमणुकीचं पावसाळ्यानंतर ठरणार होतं, आणि पहिलाच खुनाचा खटला आला मौंग थेट नावाच्या नावाड्याचा. पुरावा असा, की आमची स्वयंपाकीणसुद्धा हसली असती. यांनी फाशी दिली. वरच्या कोर्टाने ती कायम केली, मौंग थेट फासावर गेला आणि पाठोपाठ सरकारने यांनाही कायम केलं.

नेमणुकीबरोबर बदली आली. निघायच्या दिवशी शिरस्तेदार ऊ पो न्यून सहीसाठी कागद घेऊन आले. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. साहेबाच्या हुकमाने मेलेला माणूस साहेबाच्या हुकमाशिवाय जागचा हलत नाही. म्हणून जाणारा साहेब लिहून देतो, की अमक्याची शिक्षा संपली, त्याला घरी जाऊ द्यावं. तुरुंगाच्या दारात ते मोठ्याने वाचतात आणि जाळून टाकतात. हे एवढे कायदा शिकलेले, पण सही करायला एका पायावर तयार होते.

मौंग थेटची आई, दॉ सो म्या, पायरीवर बसली होती. तिने कागद वाचून घेतला आणि नको म्हणून मान हलवली.

“शिक्षा संपली असं नको, साहेब. निर्दोष लिहा. खुनी म्हणून तो गावात पाऊल टाकायचा नाही. फार लाजरा आहे माझा.”

यांनी शिरस्तेदारांकडे पाहिलं. गोऱ्या जेलरसमोर तो शब्द वाचला गेला, की कमिशनरच्या कानावर जाणार आणि हाती आलेली नेमणूक पाण्यात. शिरस्तेदारांनी दौत पुढे सरकवली.

“मावशी, लिहिलंय ते घे,” हे म्हणाले.

“मग राहू दे त्याला तुमच्यापाशीच.”

पोरगं शेजारणीकडे ठेवून बाजाराला जावं, तशी ती बोलली आणि उठून गेली. मला तिचा राग आला नाही. यांचा आला.

नव्या गावी बंगला मोठा, नोकरचाकर भरपूर. लगेचच एका संध्याकाळी यांनी व्हरांड्यात दुसरी खुर्ची मांडायला सांगितली आणि तिच्यापुढे चहाचा पेला. मला वाटलं, कुणी येणार आहे. कुणी आलं नाही. तरी खुर्चीखालची फरशी ओली झाली आणि नदीच्या गाळाचा वास सुटला. हे बराच वेळ मान डोलावत ऐकत होते. मग अदबीने म्हणाले, “बरं. उद्याची तारीख.”

तेव्हापासून रोज तेच. पाहुणे यायचे बंद झाले, स्वयंपाकीण सोडून गेली. हे सुकटासारखे वाळले. वरून मात्र शाबासकीची पत्रं येतात.

परवा मी धीर करून त्या खुर्चीशेजारी उभी राहिले.

“अहो, सोडा की त्याला. एका शब्दाचं तर काम आहे.”

“सोडणारच आहे गं,” हे माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. “रंगूनच्या हायकोर्टात जागा निघतेय. तेवढं ठरू दे.”

मग खुर्चीकडे वळून म्हणाले, “उद्याची तारीख.”