तिसरी जाळी

थेंब काचेच्या वरच्या कोपऱ्यातून निघाला, मध्यावर येऊन अडला, शेजारच्या थेंबाला मिळून जाड झाला आणि मग सरळ खाली चौकटीत उतरला — आतून, आतल्या बाजूनं. बाहेर तर पाणी नावाची गोष्टच उरली नव्हती, नोव्हेंबरापासून सगळा बर्फ. आर्लीन थिबोनं बोट काचेला लावलं. ओलं. ते बोट तिनं जिभेवर टेकवलं, गार आणि किंचित मळकट चव आली, आणि तरीही तिची खात्री पटेना, कारण ओलं लागणं म्हणजे ओलं असणं नव्हे, हे तिनं फार जवळून पाहिलं होतं. तिच्या आईलाही ओलंच लागायचं.

आईला एकाहत्तरावं लागलं आणि ती म्हणू लागली की भिंतींना घाम येतो. जुन्या ट्रेलरच्या, त्या चाकांवरून आणून ठेवलेल्या घराच्या, मागच्या खोलीत, पलंगावर बसल्या बसल्या भिंतीवरून हात फिरवायची आणि तो आर्लीनच्या नाकासमोर धरायची — बघ, बघ ना. हात कोरडा असायचा. आर्लीन म्हणायची, हो आई, ओला आहे, आणि टॉवेलनं पुसायची... मग शब्द गेले, शेगडीवरची भांडी करपू लागली, नावं गेली, आणि शेवटी आर्लीन मुलगी राहिली नाही, कुणीतरी कामाला ठेवलेली बाई झाली. चार वर्षं चाललं ते. आणि आता मला, आर्लीनच्या मनात आलं, गेल्या महिन्यात एकाहत्तरावं लागलं. रोज सकाळी डोकं हे असं जड, कपाळामागे ओली गोधडी घडी करून ठेवल्यासारखं. मंगळवारी शेजारच्या गॉर्डीशी बोलताना किटलीला काय म्हणतात तेच आठवेना; 'ते पाण्याचं' म्हणून वेळ मारून नेली.

आज दोन वाजता सगळे येणार होते. घरं बनवणाऱ्या संस्थेतली विनी, जिनं ऑक्टोबरात हे नवं घर ट्रकवरून उतरवून इथं बसवून दिलं, ती तपासणीला. तिच्याबरोबर गावातली दोन-तीन माणसं, घर बघायला. आणि दोन तासांचा रस्ता गाडी हाकत कोलेट, आर्लीनची मुलगी. भीती होती ती कोलेटची. घर आलं त्याच दिवशी ती म्हणाली होती, एक हिवाळा बघू आई, मग ठरवू — आणि 'ठरवू' म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं, कारण तिच्या गावातल्या वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक तिच्या पर्समधून डोकावत होतं. कोलेट वाईट नाही. आजीचं सगळं तिनं लहान वयात पाहिलंय, म्हणून घाबरते. मीही घाबरते, पण मला माझ्या घरात राहून घाबरायचंय, कुणाच्या देखरेखीखाली नाही. आर्लीननं टॉवेल घेतला आणि एकेक काच पुसायला सुरुवात केली. काचा खरंच ओल्या असतील तर कोलेटला दिसणार नाहीत, आणि नसतील, आपल्यालाच तशा दिसत असतील, तरी पुसल्यानं काही बिघडत नव्हतं.

घर चांगलं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. जुना ट्रेलर पत्र्याचा. एकेचाळीस वर्षं त्यात काढली, वारा सुटला की सबंध घर कुरकुरायचं, आणि जानेवारीत आतल्या भिंतीत खिळ्यांच्या डोक्यांवर पांढरा बर्फ धरायचा. ट्रेलर तसाच सोडला असता तर माणूस गारठून मेला असता, म्हणून हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आत सगळी ट्रेलरवस्ती घरं बंद करायला लागायची: जमिनीलगत गवताचे भारे रचायचे, खिडक्यांवर प्लास्टिक ताणायचं, आणि मग आत मेणबत्ती घेऊन भिंतीभिंतीनं फिरायचं, ज्योत हलली की तिथं फट, आणि फट दिसली की चंदेरी चिकटपट्टी. रेज म्हणायचा, आमच्या हिला फट अंधारातसुद्धा सापडते. नवरा म्हणून रेजनं तोंडभरून कौतुक असं केलं ते एवढंच. तो गेल्यावर ती एकटी करत आली. या नोव्हेंबरातही तिनं मेणबत्ती लावली आणि नव्या घरातून फिरली, आणि ज्योत कुठं हलेचना — फूटभर जाड भिंती, तीनपदरी काचा — फक्त बैठकीच्या खोलीत छताखाली एक पांढरी जाळी होती, तिच्यापुढे ज्योत आडवी झाली. हवा सरळ आत येत होती. दुसरी तशीच जाळी निजायच्या खोलीत. विनीनं घर बसवताना त्या जाळ्यांबद्दल बरंच काही सांगितलं होतं आणि आर्लीननं मान डोलावली होती; पण भर हिवाळ्यात घराला भोक उघडं ठेवा, असं कुणीही सांगितलं असतं तरी या वस्तीत कुणी ऐकलं नसतं. तिनं पुठ्ठे कापले, चिकटपट्टी लावली, दोन्ही बंद केल्या. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, हे घर आता आपलं झालं.

...आपलं. कोलेट शाळेत होती तेव्हा पोरं तिला 'डबाबंद' म्हणायची, डब्यात राहते म्हणून. शाळेची बस वस्तीच्या तोंडाशी थांबायची, पण ही मुद्दाम चालत पुढच्या थांब्यावर जायची, विटांच्या घरांपाशी, आणि तिथून चढायची. आर्लीनला ते माहीत होतं आणि तिनं कधी विचारलं नाही. पुढे गावानं सभेत हात वर करून ठराव केला की आणखी ट्रेलर नकोत आणि आहेत ते रस्त्यावरून दिसू नयेत. झाडांची रांग लावली. तो ठराव मांडणारी प्रुडन्स हॅस्किन्स आज घर बघायला येणार होती, हौसेनं. शेजारचा गॉर्डी सकाळी दारातला बर्फ ओढायला आला तेव्हा म्हणाला, "बाईसाहेबांना चांगली खुर्ची दे हो आर्लीन, नाहीतर म्हणतील ट्रेलरवाल्यांना रीतभात नाही." ती हसली. गॉर्डी बुटांमुळे कधी पायपुसण्याच्या आत येत नाही, या घरात तर एकदाही आला नव्हता. आज तिला वाटलं, त्याला आत ओढावं आणि विचारावं, गॉर्डी, ही काच ओली आहे का रे? अगदी ओठांवर आलं होतं. पण तो 'नाही' म्हणाला असता तर पुढे काय करायचं, हे तिला सुचेना.

दोनपर्यंत काचा तीनदा पुसून झाल्या. ते सगळे आले, बूट दारात काढले गेले, आणि प्रुडन्स हॅस्किन्स मोज्यांनी घरभर फिरली, भिंतींवरून तळवा फिरवत, खिडक्यांची जाडी बोटांनी मोजत. विनी सगळ्यांना सांगत होती की एवढ्या थंडीत हे घर एका छोट्या यंत्रावर ऊबदार राहतं, आणि ते यंत्र छपरावरच्या उन्हाच्या विजेवर बरंचसं भागवतं. आर्लीनला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं. तिचे डोळे कोलेटवर होते, आणि कोलेट खिडकीकडे सरकत होती.

"पण हे ट्रेलर वाटतच नाही," प्रुडन्स म्हणाली. "मी स्वतः राहीन इथं. खरं सांगते."

"शेजारची जागा रिकामी आहे," आर्लीन म्हणाली. "पलीकडे गॉर्डी. घोरतो तो, पण या भिंतींतून ऐकू येत नाही."

सगळे हसले, प्रुडन्स जरा उशिरा हसली. एरवी या उत्तरावर आर्लीन आठवडाभर खूश राहिली असती. पण कोलेटच्या खांद्यापलीकडे, नुकत्याच पुसलेल्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात पुन्हा काहीतरी जमत होतं — की जमत नव्हतं? कोलेटनं हात वर केला. बोट काचेला लावलं. ते बोट तिनं अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"आई, हे केवढं ओलं आहे गं सगळं?"

आर्लीननं खुर्चीची पाठ धरली. ओलं आहे. कोलेटला ओलं लागलं, कोलेटला, एकोणपन्नास वर्षांच्या, धडधाकट, हिशेबी डोक्याच्या कोलेटला... दोन महिने जे हिच्यापासून लपवायचं म्हणून जीव टांगणीला लागला होता, ते हिनंच बघितलं आणि त्याच क्षणी आर्लीनला तिचा मुका घ्यावासा वाटला. विनीही वळली. काचेकडे पाहिलं, शेगडीवर उकळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, आणि मग वर, छताखाली. आधी तिला हसू फुटलं, मग ते मावळलं.

"मिसेस थिबो, अहो, तुम्ही घराचं नाक दाबून धरलंय."

तिनं खुर्ची ओढली, पुठ्ठा काढला आणि ऑक्टोबरात सांगितलं होतं तेच पुन्हा, या वेळी सावकाश सांगितलं. जुन्या घराला फटीच फटी, हवा त्यांतूनच ये-जा करायची. या घराला फट नाही. बाहेरची हवा यायची ती या जाळ्यांतूनच, आणि जाणारी हवा आपली ऊब तिला देऊन जाते. जाळ्या बंद म्हणजे दोन महिने तुम्ही तुमचाच श्वास परत परत घेताय. डोकं दुखतं? दुखतं, आर्लीन म्हणाली. गुंगी येते, सुचत नाही? ती म्हणाली, शब्द आठवत नाहीत. "मग, तसंच होणार," विनी म्हणाली. "दोन दिवसांत मोकळं वाटेल बघा."

कोलेट मटकन सोफ्यावर बसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसली का रडली ते कळलं नाही. "फोनवर तुझं बोलणं ऐकायचे ना," ती म्हणाली, "मला वाटायचं, झालं, आजीसारखंच सुरू झालं. मी रात्र रात्र झोपले नाही आई." आर्लीननं तिच्या केसांवर हात ठेवला. मीही, मीही नाही झोपले, तिला म्हणायचं होतं, आणि म्हणायची आता गरजच नव्हती, कारण हवा होती ती, नुसती हवा! इतकं हलकं तिला रेज गेल्यापासून वाटलं नव्हतं. विनी तोवर निजायच्या खोलीत जाऊन दुसरा पुठ्ठा काढून आली आणि मागच्या लहान खोलीत शिरली.

"ही तिसरीपण," तिथून तिचा आवाज आला. "एकही सोडली नाहीत तुम्ही."

तिसरी?

आर्लीन मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. शिवणयंत्राच्या वर, भिंतीत, विनी शिडीवजा स्टुलावर चढून पट्टी सोडवत होती. चंदेरी पट्टी, चारही कोपरे आत दुमडलेले, वसंतात काढताना नखाला सापडावेत म्हणून; रेजनं शिकवलेली पद्धत, वस्तीत दुसरं कुणी तसं करत नाही. पुठ्ठा ओटमीलच्या खोक्याचा. त्यावर पेन्सिलीनं तारीख, तिच्याच तिरक्या अक्षरात: ७ जानेवारी. अठरा दिवसांपूर्वीची. तिनं आठवून पाहिलं — खोकं कापणं, स्टूल उघडणं, चढणं, दुखऱ्या गुडघ्यानं उतरणं — यातलं काहीतरी, एक तरी... काही नव्हतं. पुसट नव्हतं, अर्धवट नव्हतं. तिथं काही नव्हतंच. इथं तिसरी जाळी आहे हेच तिला आता, या मिनिटाला कळलं होतं.

"त्या स्टुलावर चढलीस?" मागून कोलेट म्हणाली. "पडली असतीस म्हणजे?"

"चढले," आर्लीन म्हणाली. "तू रागावशील म्हणून बोलले नाही."

किती सहज आलं ते. आईही अशीच पटकन उत्तरं द्यायची, सुरुवातीला; म्हणून तर वर्षभर कुणाला संशय आला नाही. कोलेटनं लटक्या रागानं तिचा दंड दाबला. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की आर्लीनला तो बघवेना.

चारच्या सुमारास पाहुणे गेले. कोलेट स्वयंपाकघरात कप विसळत गुणगुणत होती. मघाशी तिनं आपणहून सांगितलं की आता ते वृद्धाश्रमाचं नाव काढायला नको, तू तुझ्या घरात राहा. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आर्लीन बैठकीच्या खोलीत उभी होती आणि उघड्या जाळीतून हवा येत होती, कोमट, स्वच्छ, देवदारांचा वास असलेली, आणि कपाळामागचं जडपण खरंच जागचं हलायला लागलं होतं. दोन दिवस, विनी म्हणाली होती. दोन दिवस जे विसरेन ते या खोलीतल्या शिळ्या हवेचं. आणि परवा, डोकं लख्ख झाल्यावर, जे आठवणार नाही... ते कुणाचं? कोलेटनं आतून विचारलं, आता बरं वाटतंय का? आर्लीननं तोंड मिटून घेतलं, आणि धरवेल तेवढा वेळ त्या स्वच्छ हवेचा श्वास आत घेतला नाही.