प्रयागबाईंभोवतीचं पांढरं कडं

हिंगणा रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शुक्रवारी दुपारी तीनशे माणसं तरी असतील, आणि कोणी खोकतही नव्हतं. सगळ्यांची नजर समोरच्या मोठ्या टीव्हीवर होती. टीव्हीवर एक जुना काळा-पांढरा फोटो. त्याच्या बाजूला काळी कफनी घातलेले छायाबाबा लेझर घेऊन उभे होते, आणि लाल ठिपका फोटोतल्या माणसांवरून हळूहळू सरकत होता.

"माणूस खोटं बोलते," बाबा म्हणाले. "डॉक्टरचा रिपोर्ट खोटं बोलते. फोटो नाई बोलत. आता पहा. सात जण हायेत. सहा जणांच्या आजूबाजूले काय दिसून राहिलं? काई नाई. अन् ह्या बाईच्या?"

ठिपका काळपट लुगडं नेसलेल्या एका बाईवर थांबला. तिच्या खांद्यापासून पावलापर्यंत, अंगाच्या जरा बाहेर, एक पांढरं कडं होतं. बाकीचे सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि त्यांच्या अंगाभोवती खरंच काही नव्हतं.

"ही त्या बाईची भूक हाय. हातातून धागा निघाला, तो कुठं गेला पहा."

तिच्या हातापासून एक वाकडातिकडा पांढरा धागा निघून शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवरच्या तान्ह्या पोराच्या गळ्याशी पोचला होता. धाग्याला दोन्ही बाजूंनी काळी किनार होती, त्यामुळे तो कागदावरून वर उठून आल्यासारखा वाटत होता. शेडमध्ये एक लांब सुस्कारा उमटला. पुढच्या रांगेत बसलेल्या एका माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तो तान्हा तूच ना? चाळीस वर्षं झाली, धागा तुटला नाई," बाबा त्याला म्हणाले. "आधी तुह्या मायले नेलं. आता तुह्या पोरीवर आली. रविवारी सकाळी गाडी येईन. आमच्या आश्रमात अशा बाया ठेवतो आम्ही. तिथून त्यांची नजर बाहेर येत नाई."

बायाही येत नसाव्यात, असं माझ्या मनात आलं आणि मी दाराकडे सरकलो. मी बाबांना भ्यालो नव्हतो. टीव्हीवरचा तो फोटो मी केला होता.

मी श्रीधर. सक्करदऱ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. गेले दोन महिने लोक जुने फोटो घेऊन येत होते, "बाबांना दाखवायचा आहे, मोठा आणि चकाचक करून द्या," म्हणत होते. धंदा जोरात होता. देव भलं करो या बाबाचं, असं मी बायकोला म्हणालोही होतो. एवढी गिऱ्हाइकं पाठवणारा माणूस दिसतो तरी कसा, ते पाहायला म्हणून मी त्या दिवशी शेडमध्ये गेलो होतो.

तोंड झाकून बसलेला तो माणूस अश्विन. हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर आहे, आणि आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. घरात बायको मेघा, नऊ वर्षांची सोनिका आणि आत्या प्रयागबाई. अश्विन चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून या विधवा आत्यानेच त्याला वाढवलं. सोनिकाला फिट्‌स येतात. महिन्याभरात दोनदा आल्या, म्हणून कोणीतरी त्याला या शेडचा रस्ता दाखवला.

बाहेर येऊन मी त्याला गाठलं.

"अश्विन, असं काही नसते गा. आत्याले कुठं पाठवतो?"

"भाऊ, फोटो तर तुमीच काढून देला ना," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तुमी त्यात काई घातलं का? खरं सांगा."

"नाही. मी काही घातलं नाही."

"मंग ते आलं कुठून?"

मला तिथे उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अर्धं सुचलं होतं, पण जीभ उचलली नाही. तीस वर्षांचं नाव होतं माझं, आणि माझ्या हातून गफलत झाली असं भर रस्त्यात कबूल करायला मी तयार नव्हतो. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

स्टुडिओत आलो आणि वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून त्या फोटोच्या निगेटिव्हचं पाकीट काढलं; मूळ फोटो त्यांनीच काढला होता. निगेटिव्ह काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर ठेवून भिंगातून इंच इंच तपासली. कडं नव्हतं. धागा मात्र होता, आणि तो निगेटिव्हच्या पाठीवर नुसता टेकला होता. मी पुसायला वापरतो त्या जुन्या फलालीनच्या फडक्याचं सूत होतं ते. सगळ्यांसमोरच काढायचं म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

आता माझी करणी ऐका. जुना फोटो स्कॅन केला की जरा मऊ दिसतो. म्हणून त्याला धार द्यावी लागते. म्हणजे कॉम्प्युटर काय करतो, जिथे काळं आणि पांढरं एकमेकांना भिडतं, तिथे काळ्याची कड आणखी काळी करतो आणि उजेडाची कड आणखी उजळ. बेताने केलं तर डोळे, पापण्या, साडीचे काठ उठून दिसतात. पण विळीला फार धार लावली तर पातंच झिजतं, तसं यातही होतं. माझ्या स्कॅनरमध्ये धार कायमची चालू ठेवलेली होती, कारण गिऱ्हाइकाला चकाचक हवं असतं. त्यावर मी कॉम्प्युटरवर पुन्हा दिली. मोबाइलवर पाठवताना तिसऱ्यांदा दिली. काळपट लुगडं आणि मागचा फिकट राखाडी पडदा, यांच्या सीमेवरची उजळ रेघ तीन वेळा फुगून तिचं कडं झालं. पांढऱ्या कपड्यांना फिकट पडद्यापुढे कसली सीमा आणि कसलं कडं?

रविवारी सकाळी मी लॅपटॉप, स्कॅनर आणि निगेटिव्ह घेऊन अश्विनच्या दारात गेलो. अख्खी गल्ली जमली होती, पण सगळे हळू आवाजात बोलत होते. काळ्या काचांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. अंगणात खुर्चीवर प्रयागबाई बसल्या होत्या, धुतलेली साडी नेसून, मांडीवर एक बोचकं घेऊन. सोनिका खिडकीच्या गजांना धरून उभी होती. तिला आजीजवळ जाऊ देत नव्हते. छायाबाबा हळदीच्या रंगाच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांची दोन माणसं प्रयागबाईंच्या मागे.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. "हा फोटो माझ्या हातचा आहे. त्यात चूक माझी आहे."

"पाप्याले पाप झाकायले दहा मिनिटं लागतेच," बाबा हसून म्हणाले. लोकही थोडे हसले. पण मेघा पुढे आली, तिने ओट्यावर वायर लावून दिली, आणि लोकांना मागे सारलं.

धार बंद करून मी निगेटिव्ह स्कॅन केली. पडद्यावर फोटो आला, मऊसर, जुना. कडं नव्हतं.

"अन् धागा?" बाबांनी लगेच बोट ठेवलं. "धागा हाय का नाई? बोला आता."

धागा होता. गर्दी पुढे सरकली, आणि बाबांच्या एका माणसाने प्रयागबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी मी जरा जरी चाचरलो असतो तरी ती गाडी निघाली असती. मी निगेटिव्ह बाहेर काढली, खिशातला धूळ उडवायचा रबरी फुगा काढला, आणि निगेटिव्हवर दोनदा दाबला. पुन्हा स्कॅन केलं. आत्याचा हात मोकळा होता आणि तान्ह्याचा गळाही.

"चाळीस वर्षांचा धागा फुग्याने गेला," सोनिका खिडकीतून म्हणाली.

"आता कडं परत आणतो," मी म्हणालो, आणि धारेच्या पट्टीवरचं बटण हळूहळू उजवीकडे सरकवू लागलो. प्रयागबाईंभोवती पांढरी रेघ उमटली, जाड झाली, चमकू लागली. मी चित्र मोठं केलं. फोटोतल्या दोघा पुरुषांच्या काळ्या केसांभोवतीही तीच रेघ होती. शुक्रवारी टीव्हीवरही ती होतीच, फक्त लाल ठिपका तिकडे गेला नव्हता. मग मी मोबाइलने समोरच्या भिंतीचा फोटो घेतला, लॅपटॉपवर टाकला, आणि तेच बटण शेवटपर्यंत नेलं. पिवळ्या भिंतीसमोर काळी कफनी, आणि तिच्याभोवती बोटभर उजळ कडं.

"आता हे कोणाले खाऊन राहिले, बाबा?" गल्लीतल्या शोभाताईंनी विचारलं.

बाबा बोलले, बरंच बोलले. यंत्राला दृष्ट लागली, श्रद्धेशिवाय दिसत नाही, कलियुगात असंच होणार. पण बोलता बोलता ते गाडीकडे सरकत होते. गाडी वळणावर दिसेनाशी होण्याआधी मेघाने नंबर लिहून घेतला, आणि पोलीस ठाण्यात फोन लावला.

"सोनिकाले दोन्ही बार फिट आली तवा गोळ्या संपल्या होत्या," फोन ठेवून ती अश्विनला म्हणाली. "मी तुमाले सांगून राहिली होती. तुमी फोटो पाहत होते."

अश्विन अंगणात प्रयागबाईंच्या पायाशी बसला.

"आत्या, अशोक विजयादशमीचा फोटो ना तो? दीक्षाभूमीवरून सगळे पांढऱ्यात आले. तू एकटीच काहून काळं नेसली होती?"

प्रयागबाईंनी बोचक्याची गाठ सोडायला घेतली.

"तू हगला होता बाबू तुह्या मायच्या साडीवर," त्या म्हणाल्या. "फोटोवाल्याच्या दारात. तुही माय रडाले लागली. नवीन साडी होती, पयल्याच वर्षी आली होती दीक्षाभूमीवर. मंग मी माही तिले देली, अन् बोचक्यातलं लुगडं नेसली. पाह्य नं फोटोत, पदर लांब झाला तिले. ती माही साडी हाय."

मी पडद्याकडे पाहिलं. अश्विनच्या आईचा पदर खरंच गुडघ्याखाली लोंबत होता.

"छप्पन साली मी आठ वर्षांची होती," प्रयागबाई पुढे म्हणाल्या. "माह्या बापानं घरचा गंडादोरा सगळा नदीत सोडला, मी काठावर उभी होती. अन् तू मले न्यायले गाडी बोलावली." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. अश्विनने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा त्यांनी ते ढकललंही नाही आणि त्यावर हातही फिरवला नाही. बऱ्याच वेळाने सोनिका येऊन मधे बसली.

त्या फोटोची नवी प्रत मी केली. आधी धूळ झाडली, स्कॅनरची धार बंद ठेवली, आणि शेवटी छापायच्या आकाराला आणून फक्त डोळ्यांना नि काठांना चिमूटभर धार दिली. पडद्याला आणि गालांना हात लावला नाही. जरा मऊ दिसतो. प्रयागबाईंनी तो बुद्धांच्या तसबिरीखाली लावून घेतला.

पण माझ्या वहीत बाबांकडे गेलेले आणखी एक्केचाळीस फोटो आहेत. एक्केचाळीसही मी तसेच चकाचक करून दिले. त्यांतल्या कोणाच्या काळ्या साडीभोवती कडं निघालं, आणि त्या आश्रमाच्या दाराआड आज कोण कोण बसलं आहे, मला ठाऊक नाही. पोलिसांना वहीची प्रत दिली आहे, आणि रोज दुकान उघडलं की मी एकेक नंबर फिरवतो. काही जण उचलत नाहीत. काही जण म्हणतात, आई गावाला गेली आहे, आणि फोन ठेवतात.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. फोटोत, धुरात, राखेत काही वेगळं दिसलं तर बाबा शोधू नका, आधी ते ज्याने बनवलं त्याला विचारा. कसं केलं, पुन्हा करून दाखव म्हणा. तो माझ्यासारखा असेल तर पहिल्यांदा गप्प बसेल. त्याला पुन्हा विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कोणाचंही बोचकं बांधू नका.