फर्गलचे पान

मुलांनो, एक लाकडी बादली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात झऱ्याचे थंड पाणी आहे. बादलीवर नऊ वर्षांची एक मुलगी वाकली आहे, तिचे नाव साइव्ह. एका जाडजूड ग्रंथाचे एकच पान तिने दोन बोटांत धरले आहे. बाकीचा भार तिच्या आजोबांनी छातीशी पेलला आहे. दिसले? आता ते पान ती पाण्यात सोडते आहे.

"एक," तोर्ना आजोबा म्हणाले. "दोन. तीन. काढ."

दारात उताराखालची नुअला उभी होती. तिची एकुलती एक गाय कालपासून बसली होती, ती काही उठत नव्हती.

"नीट भिजलं ना गं पोरी? हात आखडू नकोस हो."

"फर्गलच्या पानाला कोण हात आखडेल?" आजोबा म्हणाले. "की लाल कॉनचं बुडवून देऊ?"

"नको गं बाई! त्या मेल्यानं आमच्या खापरपणजीची गुरं हाकून नेली होती. त्याचं पाणी पाजलं तर गाय जाईलच, वर शेळीही जाईल."

आजोबा खो खो हसले. नुअलाही हसली, पण तिची नजर बादलीवरच होती. ओढणीने तोंड पुसून तिने बादली उचलली आणि पाणी हिंदकळू न देता ती उतारावरून निघाली.

त्या ग्रंथात ओ तीर्नान घराण्याच्या सरदारांची चौदा पिढ्यांची वंशावळ होती. वासराच्या कातड्याची पाने, एका सरदाराला एक पान. तोर्नाचे घराणे तो ग्रंथ पिढ्यानपिढ्या राखत आले होते. सरदार लढाई हरले, गढी जळाली, जमिनीवर इंग्रज साहेब आला. ग्रंथ तेवढा उरला. चांगल्या सरदाराच्या नावाचे पाणी पाजले की आजारी गूर उठते, अशी त्या भागातल्या माणसांची श्रद्धा होती. काही गुरे उठतही.

साइव्हने ओले पान उजेडाकडे धरले. मागच्या खेपेपर्यंत त्यावर अक्षरांची तपकिरी सावली तरी होती. आज तीही नव्हती. आजोबांच्या डोळ्यांत सहा वर्षांपूर्वीच पडदा उतरला होता. त्यांना दार आणि भिंत एवढाच फरक कळे. साइव्हने त्यांना काही सांगितले नव्हते. ते पान उघडे ठेवून ग्रंथ तिने चुलीपाशी वाळत ठेवला आणि ती ओटची भाकरी भाजायला बसली.

दुपारी एक तरुण आला. बुटांना दलदलीचा चिखल, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी कोट.

"मी काहल. एव्हरचा मुलगा. फर्गलचा नातू."

आजोबा उठले. चाचपडत पुढे गेले आणि त्यांनी त्याचा हात कपाळाला लावला.

"धनी, तुम्ही? साइव्ह, स्टूल दे! ताक आण! अगं, उभी काय राहतेस?"

काहलने ताक एका दमात पिऊन टाकले. त्याचे काम थोडक्यात होते. परवा गॉलवेच्या बंदरातून जहाज सुटणार होते. स्पेनच्या राजाच्या सैन्यात सरदाराच्या वंशजाला कप्तानाचा हुद्दा मिळे, आणि कप्तानाला घरच्या बायकामाणसांना सोबत नेता येई. साध्या शिपायाला ते नव्हते. त्याची आई आणि बहीण दोन वर्षे कुणाच्या तरी गोठ्यात राहत होत्या.

"वंशावळीच्या नकलेवर पाद्रीबाबा शिक्का मारून देतायत," तो म्हणाला. "पण आधी वेदीवर हात ठेवून शपथ घ्यायची, की माझं नाव ग्रंथात लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. मग नक्कल त्यांच्यासमोर करायची."

"एवढंच ना! फर्गलच्या पानावर मुलं, नातवंडं, सगळी आहेत. माझ्या बापानं सुरू केलं, मी पुरं केलं. साइव्ह, वाचून दाखव धन्यांना. वाचते हो, मठातल्या म्हाताऱ्या साधूनं शिकवलंय तिला."

साइव्हने ग्रंथ मांडीवर घेतला आणि पान उघडले. कोऱ्या कातड्यावर बोट टेकवून ती म्हणू लागली.

"फर्गल, मुर्तखचा मुलगा. याच्या दाराला कडी नव्हती. याच्या राज्यात उपाशी माणसानं वाट विचारली तर आधी वाढत, मग वाट सांगत. याचा थोरला एव्हर. एव्हरचा मुलगा काहल, पाकोळ्या परत आल्या त्या आठवड्यात जन्मला…"

बोट ओळीवरून सरकावे तसे सरकत होते. काहल उठून तिच्या मागे आला होता. तिचे बोट थांबले नाही. आजोबा मान डोलावत होते, ओठांनी तेच शब्द पुटपुटत होते.

तिचे संपल्यावर काहलने ग्रंथ हातात घेतला. एक पान मागे उलटले, मग आणखी एक. लाल कॉनच्या पानावरची अक्षरे काळीभोर होती, काल लिहिल्यासारखी: जाळलेले मठ, पळवलेली गुरे, मोजून. भावाचे डोळे काढणाऱ्या दोमनलचे पानही स्वच्छ वाचता येत होते. त्याच्या पुढचे पान कोरे. मग एका कवडीचुंबकाचे, ठसठशीत. मग पुन्हा कोरे. कोऱ्या पानांचे कोपरे बोटांनी झिजून मऊ झाले होते.

"कुणी पुसली ही?" त्याने साइव्हच्या कानाशी विचारले.

"कुणीच नाही," ती तितक्याच हळू म्हणाली. "गाय आजारी पडली की लोक चांगल्याचंच मागतात."

"सगळं जागेवर आहे ना, धनी?" आजोबांनी विचारले.

काहलने ग्रंथ मिटला.

"अक्षर न् अक्षर, म्हातारबा."

तो निघाला तेव्हा साइव्ह त्याच्या मागे बांधापर्यंत धावत गेली.

"मला सगळं पाठ आहे. चौदाही. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

"आणि वेदीवर काय सांगू? डोळ्यांनी पाहिलं म्हणून?"

साइव्ह त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली.

"मग आजोबांशी खोटं का बोललात?"

"ती वेदी नव्हती." त्याने कोटाच्या गुंड्या लावल्या. दोन गुंड्या नव्हत्याच. "शिपाई म्हणून जाईन. तिथला कारकून विचारील नाव काय. जे पहिलं तोंडात येईल ते सांगेन."

"आणि तुमची आई?"

तो वळून चालू लागला. उताराखाली नुअलाच्या घरामागे दोन माणसे कुदळ मारत होती, मोठा खड्डा खणत होती. नुअला उलट्या बादलीवर बसली होती. काहल तिच्याजवळून गेला. तो कोण हे तिला ठाऊक नव्हते. तिने मान वर केली नाही.

साइव्ह घरात परतली तेव्हा आजोबा ग्रंथाजवळ बसले होते. किती तरी दिवसांनी त्यांचे गाल लाल दिसत होते.

"गेले? चेहरा कसा होता गं?"

"फर्गलसारखा असेल."

"असणारच! लेखणी घे. असल्या कामाला उशीर करू नये. फर्गलच्या पानावर खाली जागा आहे?"

"आहे."

"पुरेल?"

"पुष्कळ आहे, आजोबा."

"मग लिही. काहल, एव्हरचा मुलगा, स्पेनच्या राजाचा कप्तान. आईला आणि बहिणीला घेऊन समुद्रापार गेला."

शिंगाच्या दौतीत शाई होती. साइव्हने हंसाचे पीस उचलले, दौतीवर धरले आणि तसेच मागे घेतले. मग कोरडे टोक तिने वाळलेल्या पानावर टेकवले आणि आजोबांना ऐकू जाईल इतके दाबून ते डावीकडून उजवीकडे ओढू लागली.